घसरगुंडीची जागा

चंद्रपूरकडच्या एका अंगणवाडीला पत्र्याची घसरगुंडी मिळाली. आवारात सावली एकाच कडुनिंबाची, म्हणून सेविका शेवंताबाई मडावींनी त्याखालची जागा झाडून ठेवली. पण घसरगुंडीवर पंचायत समितीचे सभापती नरहरराव वांढरे यांचं नाव मोठ्या अक्षरांत होतं, आणि ते रस्त्यावरून दिसावं ही त्यांची इच्छा.

जागा ठरवायला नरहरराव ऐन दुपारी आले. ड्रायव्हरने गाडी सरळ कडुनिंबाखाली घातली. नरहररावांनी उघड्या मैदानाकडे बोट दाखवलं.

"तिथं बसवा. पोट्ट्यांना उन्हाची सवय पाहिजे, बाई."

"बरं साहेब," शेवंताबाई म्हणाल्या. "मग गाडीही तिथंच लावायला सांगते."

"गाडी कशाला? सीट तापते. माणसाला बूड टेकवत नाही."

"तुमची सीट तरी गादीची आहे, साहेब. हा नुसता पत्रा, आणि आमच्या लेकरांच्या चड्ड्या पातळ."

ड्रायव्हरने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते.

घसरगुंडी कडुनिंबाखाली बसली. रस्त्यावरून नरहररावांचं नाव काही दिसत नाही. पण ते आले की गावाला लगेच कळतं, कारण भर उन्हात तेवढी एकच गाडी उभी असते.