काजूची शेड आणि मुकी पंगत

ही गोष्ट खरी आहे. माझ्या डोळ्यांदेखत घडली. गळ्याशपथ.

म्हणजे मठाच्या आत मी नव्हतो. पायऱ्यांवर होतो. पायऱ्यांवर म्हणजे... त्या आठवड्यात मी निपाणीला मेहुणीच्या लग्नात होतो. पण मेहुणीचं लग्न मला काडीचं आठवत नाही आणि ही गोष्ट जशीच्या तशी आठवते. आता मी नक्की कुठं होतो, ते तुम्हीच ठरवा.

"लोक माझं का ऐकत नाहीत, एवढंच सांगा."

निरंजन मिणचेकर असं म्हणाला तेव्हा तुंगाक्का मेथी निवडत होत्या.

तुंगाक्का म्हणजे आजऱ्याकडच्या एका डोंगरावरच्या मठाच्या प्रमुख. वय एकशे सात. बरं, ऐंशीच्या पुढं. त्यांच्या पंगतीच्या टोकाला रोज एक बिबट्या येऊन बसायचा आणि सांडलेला भात खाऊन जायचा. यावर पुढं बोलू.

निरंजन म्हणजे डोंगराच्या पायथ्याच्या काजू कारखान्याचा नवा मॅनेजर. इस्त्रीचा सदरा, ताठ मान. मठाच्या बुटक्या दारातूनही तो न वाकता आत आला होता. कपाळाला टेंगूळ होतं.

"कोण ऐकत नाही?" आक्कांनी विचारलं.

"बायका. बी सोलणाऱ्या. सगळ्या एकाच दिवशी काम सोडून गेल्या."

"का?"

"तेच कळत नाही. हौसाबाई म्हणून त्यांची पुढारी आहे. तिला मी स्वतः विचारलं, काही अडचण? ती म्हणाली, काय न्हाई साहेब. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये चिटपाखरू नाही."

"तू काय केलं होतंस?"

"शिस्त लावली. बोलायच्या फार. मैत्रिणी मैत्रिणी शेजारी बसायच्या, तोंड चालू, हात बंद. मी त्यांना आडनावांप्रमाणे बसवलं. क्रमानं. कुणावर अन्याय नको म्हणून."

आक्कांचा हात मेथीवर थांबला.

"आडनावांप्रमाणे..."

"हो. एका आडनावाच्या सगळ्या शेजारी शेजारी."

पलीकडं तांदूळ पाखडणारी म्हातारी तोंडाला पदर लावून आत गेली. आतून बराच वेळ खोकल्याचा आवाज आला. तो खोकला नव्हता.

आमच्या भागात एका गावातल्या एका आडनावाच्या बायका म्हणजे सासू, सून, जाऊ, नाहीतर चुलतसासू. त्या बायका पगारासाठी कारखान्यात जातात हे खरंच. पण त्याहून जास्त, दिवसभर घरातलं तोंड दिसू नये म्हणून जातात. यानं घरच उचलून शेडमध्ये आणून ठेवलं होतं.

हे निरंजनला कुणी सांगितलं नाही. आक्कांनीही नाही.

"मालकांनी सोमवारची मुदत दिलीय," तो म्हणाला. "शेड भरलेली दिसली नाही, तर किल्ल्या टेबलावर ठेवायच्या."

"ठेव की मग. दुसरीकडं मिळंल नोकरी. शिकलेला आहेस."

"नाही ठेवणार."

"का?"

"दुसरीकडंही माणसंच असतील ना."

तेव्हा आक्कांनी त्याच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं.

"माणसं सांभाळायची कशी, ते मला शिकायचंय," तो म्हणाला. "शिबिरं केली, आक्का. एका शिबिरात डोळे बांधून मागं पडायला लावलं. बाकीच्यांनी झेलायचं."

"झेललं?"

"झेललं."

"मग?"

"कारखान्यात कोण झेलतंय."

आक्कांनी मेथीच्या काड्या बाजूला सारल्या.

"भात वाढता येतो तुला?"

"भात?"

"भात."

मठातली दुपारची पंगत मुकी असते. पंगतीत कुणी बोलायचं नाही. जेवणाऱ्यानं नाही आणि वाढणाऱ्यानंही नाही. नको असलं की पानावर हात आडवा धरायचा, झालं. पानात टाकायचं नाही. आणि वाढप्याला एकच नियम. पंगत उठेपर्यंत हातातलं भांडं जमिनीला टेकवायचं नाही.

तो शुक्रवार होता. निरंजनच्या हातात भाताची परात आली.

त्यानं झपाझप वाढलं. प्रत्येक पानावर सारखी मूद, एक शीत इकडं नाही की तिकडं नाही. हात आडवा दिसला की पुढं. एवढ्या वेगानं त्या मठात कुणी वाढलं नव्हतं. बिबट्यासुद्धा मान वळवून वळवून बघत होता.

पंगत उठली. तो घाम पुसत आक्कांपुढं उभा राहिला.

"सगळ्यांना पोचलं. कुणाची तक्रार नाही."

"काहीजण उपाशी उठले."

"कोण? त्यांनी हात आडवा केला होता. मी बघितलं ना."

"केला होता."

"मग मी काय करायचं होतं?"

आक्का पत्रावळी गोळा करू लागल्या.

"उद्या वाढ."

शनिवारी तो निर्धारानं आला. कुणाचा हात मानायचाच नाही, असं त्यानं ठरवलं होतं. आडव्या हाताच्या बाजूनं, बोटांच्या फटीतून, मनगटावरून, जागा मिळेल तिथून तो भात घालत गेला. पानात टाकायचं नाही हा नियम, त्यामुळं लोक डोळे मिटून गिळत राहिले. लाकडं फोडणारा संतराम तर जेवण झाल्यावर बसल्या जागी आडवा झाला. त्याला दोघांनी धरून ओसरीवर नेलं.

"आज कुणी उपाशी नाही," निरंजन म्हणाला.

"काल उपासानं मारलंस, आज अन्नानं. काठी तीच."

तो खाली बघून म्हणाला,

"उद्या रविवार आहे, आक्का. परवा सोमवार."

"मला वार येतात."

"मला येत नाहीए हे."

"दिसतंय."

"तरी उद्या येतो."

"ये की."

रविवारी पंगत बसली. गोविंदतात्या म्हणून एक म्हातारे रोज खांबाजवळ बसत. निरंजन परात घेऊन त्यांच्यापुढं आला. त्यांनी हात आडवा केला. शुक्रवारी केला होता तसाच.

निरंजन पुढं निघाला. थांबला. परत आला. भाताची मूठ उचलली... खाली ठेवली.

मागचा आमटीवाला त्याच्या पाठीत बादली टेकवून उभा राहिला. पुढं सरक, असा त्याचा अर्थ.

निरंजन सरकला नाही. परात दोन्ही हातांत तशीच धरून तो तात्यांच्या पानासमोर उकिडवा बसला. इस्त्रीची घट्ट विजार, त्यामुळं शिवण उसवल्याचा आवाज सगळ्या मुक्या पंगतीनं ऐकला.

तो हाताकडं बघत नव्हता. तात्यांच्या तोंडाकडं बघत होता. तात्या जरा अवघडले. वर छताकडं बघितलं. खांबाकडं बघितलं. हा काही उठेना. परातीच्या वजनानं त्याचे दंड थरथरायला लागले, तरी उठेना.

शेवटी तात्यांनी हनुवटी थोडी उजवीकडं उचलली.

तिकडं ताकाची चरवी होती.

तात्यांच्या तोंडात दात नव्हते. हे निरंजनला आत्ता, एवढ्या जवळून दिसलं. कोरडा भात त्यांना गिळवत नव्हता. ताक येईपर्यंत पंगत पुढं जायची, म्हणून ते आपले हात आडवा करून मोकळे व्हायचे.

निरंजननं परात आमटीवाल्याच्या काखेत कोंबली, चरवी आणली आणि थोडा भात, भरपूर ताक असं वाढलं. तात्यांनी कालवलं. खाल्लं. पुन्हा हात पुढं केला, या वेळी उताणा.

पंगत उठल्यावर तो आक्कांकडं आला. विजार धरूनच.

"आक्का, त्यांचा हात जेवणाला नाही म्हणत नव्हता. कोरड्या भाताला नाही म्हणत होता."

आक्का पत्रावळी गोळा करत राहिल्या.

"मग हौसाबाई 'काय न्हाई' म्हणाली, ते ती कशाला नाही म्हणत होती?"

"मी हौसा आहे का?"

तो तसाच डोंगर उतरला. हौसाबाईंचं घर गावाच्या कडेला. त्या अंगणात भुईमुगाच्या वेलांच्या शेंगा तोडत बसल्या होत्या. साहेबांना बघून त्या उठल्या. घरात खुर्ची नव्हती, म्हणून शेजारून आणायला निघाल्या.

निरंजन जोत्यावर बसला. नंतर जोतं उंच वाटलं म्हणून खाली शेंगांच्या ढिगाजवळ बसला.

"हौसाबाई, माझं काय चुकलं?"

"काय न्हाई साहेब."

त्यानं मान हलवली. एक वेल ओढून घेतला आणि शेंगा तोडायला लागला. बऱ्याच शेंगा त्यानं देठासकट तोडल्या. हौसाबाईंनी त्या गुपचूप वेगळ्या काढल्या.

"पोरं किती तुम्हाला?"

"दोन."

एक वेल संपला. दुसरा घेतला.

"साहेब, जावा की घरी आता."

"जातो. एवढा ढीग होऊ दे."

घरात भांडं आपटल्याचा आवाज आला. हौसाबाईंनी आवाज खाली आणला.

"ती माझी सासू."

"बरं."

"शेडमध्ये कोण बसवलंय माझ्या शेजारी?"

निरंजनच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"अरे देवा," तो म्हणाला.

"घरात तिचं ऐकते ती ऐकते, तिथं चार घटका माझ्या होत्या. चंद्राबाईपाशी बसून जरा हसत हुते. तेवढ्यावर घरी येऊन सैपाक करायचं बळ यायचं. तुम्ही ते काढून घेतलं आणि विचारलं काय, तर काय अडचण? सासू हाताच्या अंतरावर बसलीय आणि मी काय सांगू?"

निरंजननं हात जोडले. मग त्याला वाटलं हात जोडून भागत नाही, म्हणून ढीग संपवला.

सोमवारी त्यानं शेडची दारं उघडली. ज्या बाईला जिथं बसायचं तिथं बसू दे, असा निरोप त्यानं रात्रीच गावभर दिला होता. आणि बघता बघता शेड भरली. हौसाबाई सगळ्यांत पुढं, शेजारी चंद्राबाई. सासूबाई पार दुसऱ्या टोकाला, त्यांच्या मैत्रिणींत, सुनांना नावं ठेवत एकदम खुशीत. मालक आले, बघून गेले. किल्ल्या निरंजनच्या खिशातच राहिल्या.

आता यात मी घातलेलं काय, ते सांगून टाकतो. नाहीतर जेवण पचायचं नाही.

तुम्हाला वाटत असेल बिबट्या. बिबट्या खरा आहे. मठात विचारून या.

मी घातली ती सोमवारची भरलेली शेड.

सोमवारी अर्ध्याच बायका आल्या. हौसाबाई आल्या नाहीत. त्यांच्यावाचून चंद्राबाईही आल्या नाहीत. मालक अर्ध्या शेडकडं बघत उभे राहिले आणि म्हणाले, आणखी एक आठवडा. एवढंच.

त्या दुपारी निरंजन पुन्हा डोंगर चढला. दारातून वाकून आत आला. पंगत बसलेली होती. कुणी न सांगता त्यानं परात उचलली आणि निम्म्या पंगतीपर्यंत वाढत गेला. तिथं आक्का बसल्या होत्या. त्यांच्यापुढं आला आणि त्याला राहवलं नाही. परात खाली ठेवून तो उकिडवा बसला आणि मुक्या पंगतीत बोलला.

"जागा परत दिल्या, आक्का. घरी गेलो. चूक कबूल केली. तरी हौसाबाई आल्या नाहीत... आता काय करू?"

सगळी पंगत घास थांबवून बघत राहिली.

आक्कांनी त्याच्याकडं बघितलं नाही. जमिनीवर टेकलेल्या परातीकडं बघितलं. आणि त्या मठात त्यांनीही पहिल्यांदाच पंगतीचा नियम मोडला.

"पंगत उठली का?"