महाराज आता हुकूम देत नाहीत

एक होतं जंगल. तिथे सिंह राजा होता, कारण दुसरा उमेदवार निवडणुकीच्या आदल्या दिवशीच पचला होता.

एकदा महाराजांनी जाहीर केलं, "डरकाळी हे मागासलेपणाचं लक्षण आहे. यापुढे आमच्या राज्यात हुकूम नाही. फक्त नम्र विनंती, आणि तीही इंग्रजीत!" प्रजेने जयजयकार केला. ज्यांना कळलं नाही त्यांनी जास्त केला.

दरबारी मंडळी सोडली तर जंगलात इंग्रजी येणारा मी एकटाच, एक वानर. शाळेच्या छपरावर बसून शिकलो. कौलांच्या फटीतून जेवढं ऐकू आलं तेवढंच आलं, मिजास मात्र पुरती आली. सगळे मला मास्तर म्हणत आणि मीही म्हणू देत असे.

पहिली विनंती आली ती हरणांच्या पाणवठ्यावर. ऐन उन्हाळा, आणि कळपाला पाणी तेवढं एकच. दरबारी कोल्ह्याने मान लववून विचारलं, "वुड यू काइंडली अ‍ॅक्सेप्ट द ऑनर ऑफ गिफ्टिंग युवर वॉटर टू हिज मॅजेस्टी?"

"मास्तर, काय म्हणतोय हो हा?" कळपाची म्होरकी भिवराबाई म्हणाली.

"पाणी महाराजांना भेट देण्याचा मान घ्याल का, असं विचारतोय. 'वुड' आहे, 'काइंडली' आहे. शंभर टक्के विनंती!"

"मग सांगा त्याला, मान नको, पाणी हवं. तशीही पहिल्या खेपेला नाही म्हणायची आपली रीतच आहे. आग्रह झाला तर बघू."

दुसऱ्या दिवशी आग्रह झाला. आग्रह करायला लांडगे आले होते. भिवराबाईचं धाकटं पाडस त्या आग्रहात गेलं, आणि पाणवठ्याला काटेरी कुंपण पडलं.

भिवराबाई माझ्या झाडाखाली आली. "मास्तर, दरबारात एवढंच सांगा, की आम्ही नाही म्हटलं होतं. मग पाणी परत मागता येईल. तुमच्याशिवाय साक्ष कोण देणार?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. छातीवर हात ठेवून मी तिला शब्द दिला.

संध्याकाळी कोल्हा आला. केळ्यांचा घड खाली ठेवून म्हणाला, "मास्तर, वुड यू माइंड? हरणांनी पाणी खुशीने दिलं, एवढं सांगाल का?"

मी त्याच्या मागे नीट निरखून पाहिलं. एकही लांडगा नव्हता. म्हणजे ही खरीखुरी विनंती होती. तिला नाही म्हणता आलं असतं.

दरबारात मी अस्खलित इंग्रजीत साक्ष दिली. दरबार पाणवठ्यावरच भरला होता, हरणं कुंपणाबाहेर उभी होती. त्यांना भाषा कळत नव्हती, पण भिवराबाईने मान फिरवली.

आता मी महाराजांचा भाषा सल्लागार आहे. लांडगे बिचारे दिवसभर सावलीत लोळत असतात. हल्ली जंगलातल्या बऱ्याच शहाण्यांना इंग्रजी येतं.