येसूआजीनं सोडलेलं परत धरलं

ऐका अन्नपूर्णादेवी, तुमची कहाणी. ही कहाणी मला पुस्तकाशिवाय येते; पुस्तक उघडलं की जोडाक्षरांत अडकतो, म्हणून. हसू नका बायांनो, हातात अक्षता धरा.

एक आटपाट गाव होतं. तिथं येसूआजी नावाची म्हातारी एकटी राहत होती. एकुलता लेक दर्यापार चाकरीला गेला. आजी गंगेवर गेली, "माझ्या लेकाला सुखी ठेव" म्हणाली, वांगं सोडलं. मग वर्ष लोटलं, लेक आला नाही. आजीनं बाकीच्या भाज्या आणि डाळ सोडली. मग आणखी वर्ष लोटलं, आजीनं दूध सोडलं. उरलं काय? काळा चहा आणि शिळी भाकर. भाकर कुस्करायची, गिळायची, भिंतीकडं तोंड करून बसायचं.

मग अंग सुकलं. मग झोप गेली. मग बोलणं आटलं. शेजारी म्हणाले, "वय झालं, दुसरं काय." शेजाऱ्यांची वैद्यकी, फुकटची! एके दिवशी आजी दारात उभी राहिली, लेकाला हाक मारायला तोंड उघडलं, आणि त्याचं नावच आठवेना. तेव्हा आजी रडली.

ते रडणं देवीनं ऐकलं. म्हातारीचं रूप घेतलं, दारी आली. "बाई, जेवायला घाल."

"घरात काही नाही गं. सगळं सोडलंय."

"कुणासाठी?"

"लेकासाठी. परत धरलं तर त्याच्या जिवाला लागेल."

"अगं वेडे, आईला उपाशी ठेवून कोणता देव लेकाला जगवतो? गंगेला मी सांगते. तुला वसा देते, तो घे. रोज डाळ, रोज भाजी, वाटीभर दूध. आणि एकटीनं जेवायचं नाही."

आजीनं शेजारणीकडून शिधा मागून आणला, वांगं चिरलं, डाळ शिजवली, दूध तापवलं. दोन पानं मांडली. पहिला घास उचलला, खाली ठेवला. दुसरा उचलला, खाली ठेवला. तिसऱ्याला म्हणाली, "गंगामाई, काय व्हायचं ते मला होऊ दे, त्याला नको," आणि घास तोंडात घातला.

नाव लगेच आठवलं? छे. देवी आली तरी पोट आपल्याच चालीनं चालतं. देवी गेली, तशी शेजारीण रोज दुसऱ्या पानावर बसू लागली. मग पंधरा दिवसांनी झोप आली. मग महिन्यानं आजी शेजारणीशी मिठावरून भांडली. मग दोन महिन्यांनी चूल फुंकता फुंकता म्हणाली, "दौलत." पुन्हा म्हणाली, "दौलत. माझा दौलत." पुढं लेकाची खुशालीही आली.

जशी अन्नपूर्णा येसूआजीला पावली, तशी तुम्हां-आम्हां दातपडक्यांना पावो. ही साठां घासांची कहाणी पांचां घासांत सुफळ संपूर्ण.

टाका अक्षता. आणि द्वारकाकाकू, पुढच्या पाटावर बसून हुंकार तेवढे छान देता! आठवड्यात चार उपास करता, त्यातले दोन तरी सोडा बघू.

द्वारकाकाकूंनी अक्षता वाहिल्या आणि म्हणाल्या, "सोडते की. त्या दोन दिवशी माझ्यासमोर कोण जेवायला बसतंय, तेवढं नाव सांगा."