डोंगराची राखण

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. डोंगर पार बोडका होता आणि तो बोडका केला होता गावानंच. उन्हाळा लागला की लोक डोंगराला काडी लावत. जाळल्यावर गवत जोमानं फुटतं, असं त्यांचे आजे सांगून गेले होते. गवताबरोबर कोवळी झाडंही जळतात, हे सांगायला आजे बहुतेक विसरले.

त्या गावात एक म्हातारे वनराखे होते. त्यांना सगळे आबा म्हणत. गरिबीपायी शाळा सुटलेली गावातली पोरं त्यांनी गोळा केली.

"सकाळी डोंगरावर यायचं," आबा म्हणाले. "रोपं करायची, कलमं बांधायची, झाडं जगवायची. सगळं शिकवतो. रोपं विकून येईल ते तुमचं. पण दुपारी पुस्तक घेऊन बसायचं आणि वर्षाअखेरीस शाळेत बाहेरून परीक्षा द्यायची. ज्याचा धडा झाला नाही, त्याला दुसऱ्या दिवशी विळा मिळणार नाही, डोंगरही नाही."

शेळ्या राखायला घरी बसवलेली राही त्यांच्यात होती. तिला डोंगर जीव की प्राण आणि धडा म्हटला की पोटात दुखायचं. पण विळ्यासाठी ती धडे करू लागली आणि करता करता तिला ते आवडूही लागले. आबांना हे दिसत होतं. ते नुसते मिशीत हसले.

पोरांनी आवळा, करंज, बेहडा लावला. रोपांच्या कडेनं गवत कापून मातीचा मोकळा पट्टा केला, म्हणजे वणवा आला तरी तिथंच थांबावा. गावानंही यंदा डोंगर जाळणार नाही म्हणून माना डोलावल्या.

परीक्षेचा दिवस उजाडला. पोरं धुतलेले कपडे घालून पलीकडच्या गावातल्या शाळेला निघाली. बाकीची पुढं गेली होती; वेशीपाशी राहीनं मागं वळून पाहिलं, तर डोंगरावर धूर!

ती धावत सुटली. पट्ट्यापाशी आबा एकटेच ओल्या डहाळीनं आग झोडपत होते. वाऱ्यानं ठिणग्या पट्टा ओलांडून आत पडल्या होत्या. राहीनं हिरवी डहाळी मोडली आणि तीही आगीवर तुटून पडली.

"मागं फिर!" आबा ओरडले. "पेपर चुकंल."

"चुकू द्या! झाडं जळायली, आबा. मी लावलीत ती."

"झाडं परत लावू, पोरी. तू एकदा शाळेतून उठलीस. पुन्हा उठलीस तर तुला कोण बसवणार?" राही रडत होती, पण हात थांबत नव्हता.

तेवढ्यात तिचा बाप धापा टाकत वर आला. शेळ्यांना कोवळं गवत मिळावं म्हणून पहाटे त्यानंच पलीकडच्या उताराला काडी लावली होती. एक उतार जाळला तर काय बिघडतं, असं त्याला वाटलं होतं. आता काजळीनं माखलेली लेक बघून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आण ती डहाळी," तो म्हणाला. "मी लावलीय, मी विझवतो. तू जा."

राही जागची हलेना. मग बापानं वळून गावाकडं हाक दिली, "या रं समदे! पोरीचा पेपर हाय!"

आणि गाव आलं. कुणी घागरी आणल्या, कुणी ओली पोती आणली. एका म्हातारीनं पदरानं राहीचं तोंड पुसलं आणि तिला शाळेच्या वाटेला लावून दिलं. काळ्या हातांनी राहीनं पेपर लिहिला. कागदावर बोटं उमटली होती, पण उत्तरं वाचता येत होती.

अर्धी झाडं गेली. पोरं मात्र सगळी पास झाली. राही पुढं त्याच डोंगराची वनराखी झाली आणि शाळा सुटलेली नवी पोरं तिच्यापाशी शिकू लागली.

आता त्या गावात उन्हाळ्यात कुणी काडी लावत नाही. परीक्षेच्या दिवसांत अख्खं गाव आळीपाळीनं डोंगरावर राखणीला बसतं. सगळ्यात आधी राहीचा बाप जाऊन बसतो. पोरं शाळेला निघाली की तो वरून हात हलवतो आणि ओरडतो, "मागं बघू नका रं! आमी हाय हितं."

तात्पर्य काय, तर पोरांना नुसतं 'शिका' म्हणून भागत नाही; त्यांच्या हातातली डहाळी आपल्याला घ्यावी लागते.