सुभानाच्या सुरगाठी

सोनोबा महाराजांचा मुक्काम त्या वर्षी आंबेखोल गावी होता. गावाबाहेर, ओढ्यापलीकडे संस्थानचा तुरुंग. दर एकादशीला महाराज तिथे जाऊन कैद्यांबरोबर भजन करीत. गावातल्या शहाण्यांना हे रुचत नसे, पण महाराजांनी शहाण्यांची भीड कधी धरली होती?

तुरुंगाचे दारोगा विश्वासराव. नाव विश्वासराव, पण विश्वास स्वतःच्या सावलीवरही नाही! भाकरी आली की मोडून आत काय दडवले आहे ते पाहत. दोन कैदी एकदम खोकले तरी त्यांना त्यात खूण दिसे. महाराजांच्या चिपळ्यासुद्धा ते दर खेपेला उलट्यासुलट्या करून तपासत.

कैद्यांत सुभाना नावाचा एक विणकर होता. त्याच्या डोक्यात आवाज येत. त्या भरात त्याने सख्ख्या भावाची झोपडी पेटवून दिली होती. भाऊ वाचला, पण सुभाना तेव्हापासून कुणाच्या तोंडाकडे बघेनासा झाला. शेजारी कुणी रडले तरी हा मान खाली घालून सतरंजी विणत राही.

"दगड आहे दगड!" विश्वासराव चारचौघांत म्हणत. "वेड्याला कसली आली परदुःखाची जाण? आणि वेडा तरी आहे की सोंग करतोय, कोण जाणे."

सगळे हसत. सुभाना धोटा टाकताना तेवढे "सोनोबा, सोनोबा" पुटपुटे.

एका एकादशीला सकाळीच पहारेकरी इठोजी धावत आला. "सायेब, सुभान्याच्या सतरंजीला उलट्या अंगानं गाठी हायेत. रंगारंगाच्या, मुद्दाम मारल्याल्या. आन् काल म्हनत हुता, 'उद्या सायबाची गाठ घेतो.'"

विश्वासरावांच्या अंगावर काटाच आला. गाठ घेतो! म्हणजे वाटेत गाठणार, दुसरे काय? आणि त्या गाठी म्हणजे पळून जाण्याच्या खुणा. लाल म्हणजे पहारा, पिवळी म्हणजे भिंत. त्यांनी मनातल्या मनात सगळा कट उलगडूनही टाकला. हुकूम सुटला: सुभानाला लाकडी टिकटीला बांधून तीस फटके. सुभानाचा काटकी झालेला देह बघता दहाव्या फटक्यालाच तो जाणार, हे सगळ्यांना दिसत होते. बोलायला मात्र कुणी धजेना.

तेवढ्यात महाराज आले. टिकटीला बांधलेल्या सुभानाला पाहून ते जागीच थांबले.

"महाराज, बाहेरचे निरोप तुम्हीच तर आणत नाही ना?" विश्वासरावांनी विचारले. केवढे हे धाडस!

महाराज रागावले नाहीत. म्हणाले, "आणतो तर. पण तो निरोप देवाचा असतो. दारोगासाहेब, खुणा आहेत म्हणता, तर सोडवून वाचा की. मग खुशाल फटके मारा."

सतरंजी पालथी अंथरली. महाराजांनी तिच्यावर हात ठेवून क्षणभर डोळे मिटले. विश्वासरावांनी पहिली, लाल गाठ ओढली आणि गाल धरून खालीच बसले. दाढेतून अशी कळ निघाली की डोळ्यांना पाणी आले.

"इठोजी," सुभाना खाली बघत म्हणाला. "दाढ."

इठोजी चपापला. चार दिवस दाढ ठणकत होती, पण रजा मागितली तर साहेब संशय घेतील म्हणून त्याने ब्र काढला नव्हता.

"काही तरी चेटूक आहे," म्हणत विश्वासरावांनी पिवळी गाठ सोडली. त्यांचा गळा दाटला, छातीत हुंदका अडकला. आत जाईना, बाहेर येईना.

"भिकाजी. त्याची आय गेली."

कोपऱ्यात बसलेला भिकाजी नावाचा कैदी हे ऐकून ओक्साबोक्शी रडू लागला.

उरली काळी गाठ. ती त्या सकाळचीच होती. विश्वासरावांनी ती चिमटीत धरली. त्यांनी ओढली, पुन्हा ओढली, दातओठ खाऊन ओढली. ती जास्तच आवळत गेली.

"ही कुणाची?"

"सायबाची. करंगळीची."

"म्हणजे काय? नीट बोल!"

"सायेब चालताना डावी करंगळी मोकळी सोडत्यात. कुनी धरावी म्हनून. कुनी धरत न्हाई."

विश्वासरावांचा चेहरा पांढराफटक पडला. दोन वर्षांपूर्वी त्यांची पाच वर्षांची लेक तापाने गेली होती. ती करंगळी धरूनच चाले. त्यांनी पुन्हा तिचे नावही काढले नव्हते, आणि करंगळीचे तर त्यांचे त्यांनाच ठाऊक नव्हते.

महाराज म्हणाले, "हा मला म्हणाला होता, 'माणसांचं दुखणं कळतं, पण बोलाया येत न्हाई. देवाला कसं सांगू?' मी म्हटले, 'गाठ मार बाबा, देव उलटी बाजूच बघतो.' दारोगासाहेब, ही सुरगाठ आहे. भलते टोक ओढले म्हणून तिची निरगाठ झाली. लेकीच्या दुःखाचेही दोन वर्षे तुम्ही भलतेच टोक ओढताय."

इठोजीने न सांगता सुभानाचे हात सोडले. सुभानाने गाठ दातात धरून सैल केली आणि दुसरे टोक हलकेच ओढले. ती सुटली. विश्वासराव लहान मुलासारखे रडले.

ते महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला वाकले. महाराज दोन पावले बाजूला सरकले, आणि दारोगांचे मस्तक टेकले ते सुभानाच्या पायांवर!

सुभाना कधी कुणाला शिवत नसे. त्याने वर पाहिले नाही. खाली वाकला, चाचपडत विश्वासरावांचा डावा हात शोधला आणि त्यांची करंगळी धरली.