पाटकऱ्यासाठी एक चांगला शब्द

ही फार जुनी गोष्ट आहे, लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनीही. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. नदीचे पाणी पाटाने गावात येई आणि कोणाच्या शेताला किती सोडायचे, ते गावाचा पाटकरी ठरवी.

हा पाटकरी दुष्ट होता. उगाच कशाला गोड बोला? जो त्याच्या पुढेपुढे करी त्याला पाण्याच्या दोन पाळ्या, जो न्याय मागे त्याचे शेत कोरडे. एका म्हातारीने एकदाच तोंड उघडले, तर तिचे उभे पीक त्याने तीन वर्षे जळू दिले.

एके दिवशी तो मेला. आता त्या गावात एक रीत होती. तिरडी उचलण्यापूर्वी गावातल्या कोणीतरी मेलेल्याची एक चांगली गोष्ट सांगायची, आणि ती खरी असली पाहिजे. त्याशिवाय कोणी खांदा देत नसे.

सगळे गाव अंगणात जमले, पण कोणी बोलेना. त्याच्या पुढेपुढे करणारेसुद्धा जमिनीकडे बघत राहिले. उन्हे कलली.

पाटकऱ्याला एकच मुलगी होती. पाटाचे काम आता तिच्याकडे येणार होते. विस्तवाचे मडके धरून ती उभी होती आणि तिचा चेहरा हळूहळू कठीण होत गेला. "माझ्या बापासाठी यांच्याकडे एक शब्द नाही," ती मनात म्हणाली. "उद्यापासून यांना पाण्याचा थेंब मिळणार नाही."

तेवढ्यात ती म्हातारी काठी टेकत पुढे आली. सगळ्यांना वाटले, आता ही शिव्याशाप देणार.

"पोरी," ती म्हणाली, "तुझ्या जन्माआधी एका पुरात पाटाच्या दाराची फळी निखळली. आम्ही सगळे पळालो. तुझा बाप एकटा छातीभर पाण्यात ती फळी पाठीने रेटून उभा राहिला, लोक दगड घेऊन परत येईपर्यंत. त्या दिवशी गाव वाचलं ते त्याच्यामुळे."

मुलगी तेव्हा पहिल्यांदा रडली. चौघांनी तिरडी उचलली.

परतताना एकाने विचारले, "आजी, त्याने तुझं पीक जळू दिलं. ते का नाही सांगितलंस?"

"ते त्याला तोंडावर ऐकवायचं होतं," म्हातारी म्हणाली. "तो जिवंत असताना पुन्हा माझी हिंमत झाली नाही, तुमचीही झाली नाही. मग प्रेतापुढे कसला शूरपणा? आणि तिथे ऐकायला होतं कोण? ती पोर. बापाचं वाईट तिने घरात बघितलंच असेल. चांगलं आपण सांगितलं नसतं, तर तिला कधी कळलंच नसतं."

सुतक फिटले. मुलीने पाटाचे दार उघडले आणि पहिली पाळी म्हातारीच्या शेताला दिली. पाणी शेवटच्या वाफ्यात पोचेपर्यंत ती बांधावरून हलली नाही. त्यानंतर त्या गावात कोणाचेही शेत पाळीवाचून राहिले नाही.

तात्पर्य: माणसाचे वाईट त्याच्या जिवंतपणी तोंडावर सांगावे, तो गेल्यावर चांगले तेवढे बोलावे, कारण तेव्हा ऐकायला मागे राहिलेलेच असतात.