घोरपडीचं पोट आणि भूकंप

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. जमिनीला पोट लावून पडलेली घोरपड जरा थरथर जाणवली की ओरडायची, "भूकंप! बिळं सोडा!" सगळे पळत सुटायचे आणि समोरून म्हशी यायच्या. एकदा तर तिच्याच रिकाम्या पोटात गुडगुडलं होतं.

"कसली मी जाणकार!" म्हणत तिने ओढ्यावरच्या खेकड्याला आणि टेकडीपलीकडच्या उंदराला विनवलं, "तुम्हीही पोट टेकून बसा. म्हशी एका वेळी एकाच्याच बिळावरून जातात. तिघांना एकदम जाणवलं, तरच ओरडू."

एके दिवशी पुसट थरथर आली. घोरपडीने आधी दोन किडे खाऊन पाहिले, थरथर थांबेना. तेवढ्यात दोघांच्याही हाका आल्या, तेव्हा ती ओरडली. सगळे बाहेर आले आणि मागे बिळं ढासळली.

"वाचवलंस गं!"

"थांबा," घोरपड म्हणाली, "आधी त्या दोघांना विचारा, सकाळपासून काही खाल्लं होतं का!"